लढाऊ वैमानिकाचा माग: आधी क्रमांक, मग नाव

महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकाचा शोध घ्यायला बसलेला माणूस सगळ्यात आधी नाव टाइप करतो, आणि बहुतेक वेळा तिथेच वाट चुकतो. ब्रिटिश कागदांत एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षराचे डझनभर लोक सापडतात. भारतीय नावांचे तर आणखी हाल झालेले दिसतात. कुठे आडनाव पुढे गेलेलं असतं, कुठे वडिलांचं नाव आडनाव होऊन बसलेलं असतं, आणि 'सिंग' या एका शब्दाखाली कितीतरी वेगवेगळी माणसं एकत्र कोंबलेली असतात. पहिल्या महायुद्धात २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवणारे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जून १९१८ रोजी वारले. आज त्यांची कबर फ्रान्समधल्या हांगारच्या दफनभूमीत आहे. त्यांचं आडनाव इंग्रजीत कधी 'वेलिंकर' तर कधी 'वेलिंगकर' असं दिसतं. एकच स्पेलिंग धरून बसलात तर निम्मे कागद हाती लागणार नाहीत.

म्हणून पहिला नियम असा की आधी सेवाक्रमांक मिळवायचा. नाव बदलतं, हुद्दा बदलतो, स्क्वाड्रन बदलते. क्रमांक मात्र माणसाला चिकटून राहतो. याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो सुरुवातीलाच समजून घ्या: सार्जंट म्हणून भरती झालेला वैमानिक पुढे अधिकारी झाला, की त्याला नवा क्रमांक मिळायचा. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये असे शेकडो जण होते. त्यामुळे १९४१ पर्यंतची माहिती मिळाली आणि पुढे एकदम अंधार झाला, तर माणूस गेला असं धरू नका. बहुधा तो अधिकारी झालेला असतो. राखीव दलात युद्धापूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या सार्जंट वैमानिकांचे क्रमांक साधारण ७४ ने सुरू होतात. भारतीय हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी 'आयएनडी' ही अक्षरं असतात. क्रमांकाच्या नुसत्या आकारावरूनही माणूस कुठल्या वाटेने आला, याचा अंदाज बांधता येतो.

घरातल्या वस्तूंपासून सुरुवात करा

अभिलेखागाराच्या दारात जाण्याआधी घरातली ट्रंक नीट पाहायची असते. त्यात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वैमानिकाचं लॉगबुक, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा फॉर्म ४१४. त्यात तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिकाचं नाव, सोबत कोण होतं, उड्डाणाचं काम आणि वेळ असे रकाने असतात. दिवसा आणि रात्री उडवलेले तास वेगळे लिहिलेले असतात आणि रात्रीची उड्डाणं सहसा लाल शाईत असतात. महिन्याच्या शेवटी एकूण तासांची बेरीज आणि वरिष्ठांची सही असते. सही करणाऱ्यांची नावं आवर्जून टिपून घ्या, कारण स्क्वाड्रन क्रमांक पुसट झाला असला तरी फ्लाइट कमांडरच्या सहीवरून तो ओळखता येतो.

लॉगबुकात वैमानिकाच्या प्रशिक्षणाची साखळीही सापडते. आधी प्राथमिक उड्डाणशाळा, बहुतेकदा टायगर मॉथ या सराव-विमानावर. मग पुढची शाळा, हार्वर्ड किंवा मास्टर या सराव-विमानांवर. मग ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट, जिथे पहिल्यांदा हरिकेन किंवा स्पिटफायर हे लढाऊ विमान हातात यायचं. आणि शेवटी स्क्वाड्रन. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या अनेकांनी कॅनडात किंवा ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) पार केल्या. त्यामुळे 'आजोबा कॅनडात लढले' ही घरातली आठवण बहुधा प्रशिक्षणाची असते.

लॉगबुक स्कॅन करताना कोरी पानं, मुखपृष्ठं आणि आतला खिसाही सोडू नका. तिथे सुट्या चिठ्ठ्या, वैद्यकीय पावत्या, वार्षिक मूल्यमापनाचे कागद असतात. रिझोल्यूशन निदान ३०० डीपीआय ठेवा, पुसट पेन्सिल असेल तर ६००. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्ण टाळा, कारण दोन्हींचं नुकसान पुन्हा भरून निघत नाही.

फोटो असेल तर गणवेश वाचा. कॉलरच्या टोकांवर 'व्हीआर' ही अक्षरं असतील तर माणूस राखीव स्वयंसेवक दलाचा होता. बाहीवर तीन पट्टे म्हणजे सार्जंट. छातीवरच्या पंखांच्या बिल्ल्याखाली जांभळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची फीत दिसली तर ते शौर्यपदक. पट्टे रुंद असतील तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (डीएफसी), म्हणजे अधिकारी आणि वॉरंट ऑफिसरांचं. पट्टे बारीक असतील तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, म्हणजे त्याखालच्या हुद्द्यांचं. एवढ्यावरूनच पुढचा शोध निम्म्याने आवरतो. मोहिमेच्या पदकांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या स्टार आणि मेडलवर नाव कोरलेलं नसायचं, त्यामुळे बाजारात 'अमक्याचं पदक' म्हणून मिळणाऱ्या वस्तूवर कागदी पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये.

गॅझेटमधून तारखांचा सांगाडा

लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारचं राजपत्र इंटरनेटवर मोफत शोधता येतं. अधिकारी म्हणून नेमणूक, बढती, पदक, राजीनामा, या सगळ्यांच्या तारखा तिथे मिळतात. अडचण अशी की जुनी छापील पानं यंत्राने वाचून घेतलेली असल्यामुळे अक्षरं चुकतात. नावाने सापडलं नाही तर सेवाक्रमांक टाकून पाहा. तोही नसेल तर तारखेचा टप्पा लावून 'एअर मिनिस्ट्री' असं शोधा आणि पानं डोळ्यांनी चाळा. वेळ लागतो, पण सापडतं.

गॅझेटमध्ये दिलेली बढतीची तारीख आणि त्या अंकाची तारीख वेगळी असते. बढती लागू झाल्यानंतर कित्येक आठवड्यांनी ती छापली जायची. शिवाय गॅझेटमध्ये बहुधा कायम किंवा युद्धकालीन कायम हुद्दा असतो. स्क्वाड्रनच्या कागदांत त्याच दिवशी तो माणूस एक पायरी वर दिसतो, कारण तिथला हुद्दा तात्पुरता किंवा 'अ‍ॅक्टिंग' असायचा. ही दोन वेगळी माणसं नाहीत. दोन्ही हुद्दे तारखेसह लिहून ठेवा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या एअर फोर्स लिस्ट, म्हणजे हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या याद्या, स्कॅन करून ठेवल्या आहेत, त्यांचा इथे ताळा घेता येतो.

शौर्यपदकाच्या नोंदीसोबत कधी कधी चार ओळींचं प्रशस्तिपत्र छापलेलं असतं. युद्धाच्या उत्तरार्धात मात्र नुसती नावांची यादी येते. मूळ शिफारस हवी असेल तर ती लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २' या मालिकेत शोधावी लागते.

स्क्वाड्रनची रोजनिशी: खरं घबाड इथे आहे

क्यू इथल्या मालिका 'एअर' या तीन इंग्रजी अक्षरांनी आणि क्रमांकाने ओळखल्या जातात. नव्या माणसाने निदान एवढ्या पाठ कराव्यात: एअर २७ म्हणजे स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक (रोजनिशा), एअर २८ म्हणजे विमानतळांच्या, एअर ५० म्हणजे हवाई चकमकींचे अहवाल आणि एअर ८१ म्हणजे मृत, जखमी आणि बेपत्ता लोकांच्या फायली. पहिल्या महायुद्धासाठी एअर ७६ मध्ये अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत. मात्र ब्रिटिश हवाई दल १ एप्रिल १९१८ ला जन्मलं. त्याआधी रॉयल फ्लाइंग कोअर हा भूदलाचाच भाग होता, म्हणून त्याआधीच मेलेल्या किंवा बाहेर पडलेल्या वैमानिकाचे कागद युद्ध कार्यालयाच्या मालिकांत असतात.

एअर २७ मध्ये प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे घटनांचा सारांश: हवामान, बदल्या, पाहुणे, मृत्यू, कधी कधी मेसमधली मेजवानी. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांची नोंद: कुठल्या विमानातून कोण किती वाजता गेलं, किती वाजता परतलं आणि काय घडलं. संगणकावर हे दोन भाग अनेकदा वेगवेगळ्या फायली म्हणून दिलेले असतात. नवखा माणूस पहिली फाइल उघडतो, आपल्या माणसाचं नाव एकदाही दिसत नाही, आणि 'तो या स्क्वाड्रनमध्ये नव्हताच' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दोन्ही फायली घ्या. आणि शोध सुरू करताना ज्ञात तारखेच्या आधीचा आणि नंतरचा असे निदान दोन-दोन महिने वाचा; बदलीची नोंद बहुधा तिथेच असते.

या रोजनिशा पवित्र ग्रंथ नव्हेत. त्या अनेकदा महिनाअखेरीस, थकलेल्या कारकुनाने किंवा अ‍ॅडज्युटंटने, म्हणजे स्क्वाड्रनचं कार्यालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, टाइप केलेल्या आहेत. विमानाच्या क्रमांकात अंक उलटे पडतात, दोन सार्जंटांची नावं एकमेकांत मिसळतात. मे-जून १९४० मध्ये फ्रान्समधून माघार घेताना आणि १९४२ मध्ये मलाया, सिंगापूर, बर्मा या भागांतून निघताना कित्येक स्क्वाड्रनचे कागद हरवले किंवा जाळून टाकले गेले. त्या काळातल्या वैमानिकाची नोंद सापडत नसेल तर लॉगबुक, एअर ८१ आणि शेजारच्या स्क्वाड्रनच्या नोंदी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

भारतीय वैमानिकांबाबत एक चूक फार वेळा होते. त्यांची माहिती फक्त भारतीय स्क्वाड्रनच्या कागदांत शोधली जाते. १९४० साली २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पाठवले गेले, आणि त्यांतले मोहिंदर सिंग पुज्जी ४३ आणि २५८ क्रमांकांच्या ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये हरिकेन उडवत होते. नंतर ते बर्मा आघाडीवर भारतीय स्क्वाड्रनमध्ये आले. करुण कृष्ण मजुमदार यांना पहिला डीएफसी बर्मामध्ये १ क्रमांकाच्या भारतीय स्क्वाड्रनचं नेतृत्व करताना मिळाला. दुसरा मात्र युरोपात ब्रिटिश २६८ स्क्वाड्रनमधल्या कामगिरीसाठी मिळाला. अशा माणसाची अर्धी गोष्ट एका कपाटात असते आणि उरलेली अर्धी दुसऱ्या खंडातल्या कपाटात. शोधशब्दांचीही काळजी घ्या. भारतीय हवाई दलाला 'रॉयल' ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली, म्हणून १९४२ चे कागद 'आरआयएएफ' या अक्षरांनी शोधले तर हाती फारसं लागत नाही.

तसंच ४०० ते ४९० या क्रमांकांच्या पट्ट्यात कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या स्क्वाड्रन आहेत. त्यांच्या रोजनिशा क्यूमध्ये मिळतात, पण वैमानिकाची वैयक्तिक फाइल त्याच्या देशात असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए९३०० या मालिकेत अधिकारी, ए९३०१ मध्ये इतर हुद्दे आणि ए७०५ मध्ये अपघात-मृत्यूच्या फायली आहेत. त्यांतल्या पुष्कळ घरबसल्या वाचता येतात. कॅनडाने दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या सेवाफायली स्कॅन केल्या आहेत.

विमानाचा क्रमांक आणि कोड यांत गल्लत नको

विमानाच्या अंगावर दोन गोष्टी रंगवलेल्या असायच्या. दोन मोठी अक्षरं स्क्वाड्रनची आणि पलीकडे एक अक्षर त्या विमानाचं, हा झाला कोड. दुसरा म्हणजे शेपटीजवळचा छोटा क्रमांक: एक अक्षर आणि चार अंक किंवा दोन अक्षरं आणि तीन अंक. कोड पुन्हा पुन्हा वापरला जायचा. विमान पडलं की तेच अक्षर पुढच्या विमानाला मिळायचं. शेपटीजवळचा क्रमांक मात्र एकाच विमानाचा. फोटोत कोड दिसतो, नोंदीत क्रमांक असतो, आणि दोघांची सांगड फक्त तारखेने घालता येते. तारीख नसलेल्या फोटोवरून 'हे आजोबांचंच विमान' असं लिहू नका. क्रमांक हाती आला की लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ संग्रहालयाकडे त्या विमानाचं हालचाल-कार्ड आणि अपघात-कार्ड मागता येतं. अपघाताच्या कार्डावर कारण, वैमानिकाचा त्या प्रकारच्या विमानावरचा अनुभव तासांत आणि चौकशीचा निष्कर्ष असतो. वाचायला ते कधी कधी जड जातं, कारण बावीस वर्षांच्या मुलाचा मृत्यू तिथे दोन ओळींत आटोपलेला असतो.

पाडलेल्या विमानांचा आकडा जपून लिहा

एअर ५० मधले चकमकीचे अहवाल नावाने शोधता येतात. त्यांत उंची, वेळ, किती गोळ्या झाडल्या, काय दिसलं, हे वैमानिकाच्याच तोंडचं असतं. दावे तीन प्रकारचे: नष्ट, बहुधा नष्ट, नुकसान. हे दावे खोटे नसतात, पण बरोबरच असतात असंही नाही. काही सेकंदांच्या झटापटीत एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडायच्या आणि तिघांनीही ते पडताना पाहायचं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनने १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं. जर्मन नोंदींनुसार प्रत्यक्ष आकडा साधारण ६० च्या आसपास होता. त्या दिवशी लढलेल्यांचं शौर्य यामुळे कमी होत नाही. पण आज लिहिताना 'दावा' आणि 'खात्री झालेला विजय' हे शब्द वेगळे ठेवणं, ही त्यांच्याबद्दलच्या आदराचीच खूण आहे.

पडताळणीसाठी समोरच्या बाजूच्या नोंदी लागतात. जर्मन हवाई दलाच्या नुकसानीच्या याद्यांत प्रत्येक विमानाचं नुकसान टक्क्यांत दिलेलं असतं. साधारण ६० टक्क्यांपासून पुढे विमान बाद समजलं जायचं. दोन याद्या जुळवताना घड्याळाकडे लक्ष द्या: १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन वेळ ब्रिटिश वेळेपेक्षा एक तास पुढे होती, म्हणून एकच चकमक दोन ठिकाणी वेगळ्या तासाला दिसते. जर्मन सैनिकांच्या वैयक्तिक नोंदी आता जर्मन संघीय अभिलेखागाराकडे आहेत. त्या आधी सांभाळणारं बर्लिनचं जुनं माहितीकेंद्र २०१९ मध्ये त्यात विलीन झालं. अमेरिकन वैमानिकाच्या फायलीबाबत आधीच मनाची तयारी ठेवा: सेवाफायली ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या केंद्राला १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवा संपलेल्या भूदलाच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दल भूदलाचाच भाग होतं. तिथे बेपत्ता विमानांचे अहवाल आणि युनिटचा इतिहास यांवर काम भागवावं लागतं.

समोरच्या बाजूची नोंद किती मोलाची ठरते, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा विमानतळावरच्या हल्ल्यातून त्यांचं मिस्टेअर हे लढाऊ विमान परतलं नाही. त्यांनी पाकिस्तानचं एक एफ-१०४ स्टारफायटर पाडलं होतं, हे पुढे पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या माहितीतून उलगडलं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. त्या फायली पुन्हा कोणीतरी उघडल्या, म्हणून हे झालं.

वैयक्तिक फाइल आणि मृत्यूची नोंद

वैमानिकाची स्वतःची सेवाफाइल ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडे असायची; २०२२ पासून या फायली टप्प्याटप्प्याने क्यूच्या अभिलेखागाराकडे जात आहेत. अर्ज करण्याआधी तुमच्या माणसाची फाइल कुठल्या बाजूला आहे ते तपासा. नाहीतर अर्ज परत येतो आणि महिने वाया जातात. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवाक्रमांक आणि असल्यास मृत्यूचा पुरावा द्या. फाइलीत रोमहर्षक काही असेल अशी अपेक्षा नको. बदल्यांच्या तारखा, अभ्यासक्रम, आजारपण, पगारवर्ग एवढंच असतं. पण बदल्यांच्या याच तारखांच्या जोरावर एअर २७ मधले नेमके महिने उघडता येतात.

युद्धात मेलेल्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची मोफत आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ती ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढा काळ धरते. शरीर सापडलं नसेल तर नाव स्मारकावर असतं: ब्रिटन आणि पश्चिम युरोपातून उडालेल्यांसाठी इंग्लंडमधलं रनिमीड, जिथे २०,००० हून अधिक नावं आहेत, भूमध्य समुद्राच्या भागासाठी माल्टा, पूर्व आशियासाठी सिंगापूरमधलं क्रांजी. नुसतं नाव पाहून थांबू नका. त्याच पानावर दफन-नोंदीचे जुने कागद जोडलेले असतात. कबर एका दफनभूमीतून दुसरीकडे हलवली असेल तर मूळ जागेचा नकाशा-संदर्भ त्यातच असतो, आणि तोच बहुधा विमान पडलं त्या शेताकडे घेऊन जातो.

त्या शेतात गेलात तर काही उचलू नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांचे सगळे अवशेष संरक्षित आहेत आणि उत्खननाला परवाना लागतो. मातीखाली अजून माणूस असू शकतो.

लिहिताना

शेवटी एक तक्ता करा. त्यात तारीख, ठिकाण, युनिट, विमानाचा क्रमांक, काय घडलं, आणि कुठल्या कागदात, कुठल्या पानावर ते सापडलं, असे रकाने हवेत. त्यापुढे आणखी एक रकाना ठेवा आणि त्यात तीनच शब्द वापरा: सिद्ध, संभाव्य, कौटुंबिक आठवण. कौटुंबिक आठवण पुसून टाकू नका. ती ज्याने सांगितली त्याच्या नावासह आणि सांगितलेल्या वर्षासह ठेवा. काही वेळा वीस वर्षांनी एखादी फाइल खुली होते आणि ती आठवण सिद्ध होते.

स्मारकावरचं किंवा कमिशनच्या सूचीतलं नाव, वय, हुद्दा चुकीचा असेल तर दुरुस्ती मागता येते. एका पत्रात एकच चूक मांडा, सोबत जन्मदाखला किंवा गॅझेटचं पान जोडा, आणि तुमच्या तर्कापेक्षा कागदाला पुढे ठेवा. पत्राच्या वरच्या ओळीत वैमानिकाचं नाव लिहिण्याआधी त्याचा सेवाक्रमांक लिहा.